आधी दाखला, मग योजना

योजनांपासून वंचित आदिवासी म्हटले की नंदुरबार-गडचिरोली आठवते. सातारा-सांगलीत वंचितपणाचा तोच प्रश्न भटक्या-विमुक्तांच्या पालांवर उभा आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या. पण स्पर्धा परीक्षेची शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर यांसाठीची केंद्राची ‘सीड’ योजना यायला फेब्रुवारी २०२२ उजाडले. पाच वर्षांना २०० कोटी, तेही अख्ख्या देशासाठी! तरी आमचा मुद्दा रकमेचा नाही. अशा कुठल्याही दारावर शेवटी जातीचा दाखला लागतो आणि महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा टोपल्या विणत गावोगाव फिरले, त्या कैकाडी कुटुंबाने कुठल्या गावचा उतारा दाखवायचा?

अट सैल केली तर बोगस दाखले वाढतील, ही भीती खोटी नाही. पण पडताळणी समित्यांकडे दक्षता पथके आहेतच. त्यांनी पालावर जाऊन चौकशी करावी. कागदाविना पात्रता तपासता येते, हे माण तालुक्यातील म्हसवडने दाखवले आहे. तिथल्या चेतना सिन्हा यांच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून नाकारला होता. त्याच बायकांनी व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची तयारी दाखवली आणि १९९७ साली बँक उभी राहिली. पुढे माणदेशीने उद्योगाचे शिक्षणही बसमधून गावोगाव नेले. मग भटक्या मेंढपाळांची मेंढरे कोकणात उतरण्याआधी दाखल्यांचे शिबिर माण, जत, आटपाडीच्या वाड्यांवर भरवायला तहसीलदारांना अडचण कसली?