चॅटबॉटला मन आहे का, हे आपण कशावरून ठरवणार?

‘रात्री झोप आली नाही की चॅटबॉटशी बोलते. तो मला समजून घेतो.’ हे वाक्य आता आपल्या थेरपी सेशनमध्ये येऊ लागले आहे. संगणकाला मन असू शकेल का, हा प्रश्न तत्त्वज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

तसा या प्रश्नाशी आपल्या व्यवसायाचा संबंध जुनाच. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम जाहीर केला. (नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या नायिकेचे; आपल्याकडे तीच पु.लं.ची फुलराणी झाली.) एलायझा कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीच्या थेरपिस्टची नक्कल करायची. तंत्र साधे: वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, ‘मी’चे ‘तुम्ही’ करायचे, प्रश्न करून परत द्यायचे. काहीच हाती लागले नाही, तर ‘पुढे सांगा’. हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्महिने पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनेच थोड्या गप्पांनंतर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. त्याहून मोठा धक्का त्यांना मानसोपचारतज्ज्ञांनी दिला. असा संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळेल, असे केनेथ कोल्बी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी लिहिले.

याच कोल्बींनी पुढे ‘पॅरी’ बनवला, पॅरानॉइड रुग्णाचे सोंग घेणारा. त्याच्या आणि खऱ्या रुग्णांच्या लेखी मुलाखती वाचून यंत्र कोणते, हे मानसोपचारतज्ज्ञांना छापा-काट्याहून बरे सांगता आले नाही. फसले ते आपल्यातलेच, आणि तेही आजच्या मानाने अगदी बाळबोध प्रोग्रामला.

आता मूळ प्रश्नाकडे. मेंदूही पदार्थाचाच आहे. तेव्हा यंत्रात मन कधीच उपजणार नाही, असे छातीठोकपणे म्हणायला मला आधार दिसत नाही. पण अस्खलित संभाषण हा मनाचा पुरावा नव्हे. समजून घेतले गेल्याची भावना बोलणाऱ्याच्या मनात तयार होते आणि त्यासाठी समोर फारसे काही लागत नाही. एक बोचरी गोष्टही मान्य करायला हवी: दिवसाच्या शेवटच्या सेशनमधले आपले ‘हं, मग?’ एलायझाहून फार वेगळे नसते.

म्हणून चॅटबॉट खरेच समजून घेतो का, यावरून क्लायंटशी वाद घालू नका. पहिल्या भेटीत झोप, भूक, व्यसने यांबरोबर चॅटबॉटबद्दलही विचारा, भुवई न उंचावता. आत्महत्येचा विषय तिथे निघाला असेल, तर काय उत्तर मिळाले तेही विचारा आणि परवानगी असेल तर ते संभाषण दोघांनी मिळून वाचा.