साहेब, थोडी गडबड झाली आहे

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बोईसरच्या एका बँक शाखेत मी अधिकारी होतो. पगाराच्या दिवसांत तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदारांची माणसे काउंटरवर रांग लावत. आमचा तरुण कॅशियर पालघरहून सकाळच्या शटलने यायचा. मान खाली घालून काम करणारा मुलगा. एकदा त्याच्या रोकडीत दोनशे रुपये कमी पडले, तेव्हा मी चारचौघांत त्याला सुनावले होते, ‘हिशेब जमत नसेल तर घरी बसा!’

पुढच्या महिन्यात एका ठेकेदाराचा माणूस माझ्या टेबलाशी आला. ‘साहेब, काल पन्नासच्या पुडक्याऐवजी शंभरचे आले. तुमचे पाच हजार कमी पडले असतील.’ मी ऐटीत म्हणालो, ‘आमची रोकड पै न् पै जुळली आहे.’ खात्रीसाठी कॅशियरला हाक मारली. ‘जुळली होती ना?’ ‘हो साहेब,’ तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. आदल्या दुपारी चूक लक्षात येताच लग्नात मिळालेली साखळी गहाण ठेवून त्याने पैसे भरले होते. माझे टेबल त्याच्यापासून दहा पावलांवर होते. त्याला सराफाचे दुकान जवळ वाटले!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांना सांगितले, ‘चूक झाली तर लगेच सांगा, आवाज चढणार नाही.’ आठवडाभर कुणी काही बोलले नाही. मग मीच माझ्या हातून चुकीचे पास झालेले व्हाउचर सर्वांपुढे ठेवले. त्यानंतर चुका पुढे येऊ लागल्या. महिनाभर तर त्या वाढल्यासारख्याच वाटल्या.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत हेच दिसले होते. औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना, जिथला कारभार चांगला तिथेच नोंदलेल्या चुका जास्त आढळल्या. तिथली माणसे अधिक चुकत नव्हती, अधिक बोलत होती. १९९९ मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ या विषयावर निबंध प्रसिद्ध केला.

कुणी म्हणेल, अशाने शिस्त बिघडेल. पण चूक वेगळी, लबाडी वेगळी. लबाडीला शिक्षा हवीच. बँकेत दोन सह्या घेतात त्या माणूस चुकतो म्हणून. दुसऱ्या सहीवाल्याला ‘थांबा’ म्हणायची भीती वाटत असेल, तर ती सही म्हणजे नुसती शाई.

बँकेत चूक पैशांत मोजता येते. आमच्या भागात सगळ्याच चुका तशा नसतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. त्या घटनेचा दोष मी इथून कुणावर ठेवत नाही. मला दिसतो तो रात्रपाळीचा कुठलाही एक कामगार. काटा वर चढतो आहे आणि साहेबांना उठवावे की नाही, याचा तो विचार करतो आहे. मागच्या वेळी उठवले तेव्हा साहेब काय म्हणाले होते, हे त्याला आठवत असणार.

तो कुणाचा तरी मुलगा असतो, आणि साहेबही. रविवारच्या चहाबरोबर दोघांच्याही घरी एवढे बोलणे व्हावे. ‘साहेब, थोडी गडबड झाली आहे,’ असे कुणी म्हटले, की पहिला शब्द असावा, ‘बरे झाले, सांगितलेत.’ रागवायला सकाळ पडलेली असते.

कॅशियरची साखळी त्याच संध्याकाळी सुटली. व्याज मी भरले. ते माझेच देणे होते.