ख्रिसमस त्यांना माहीत होता

‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ हे गाणं मला सहन होत नाही. २५ नोव्हेंबर १९८४ला बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ब्रिटनचे बिनीचे पॉप गायक लंडनच्या स्टुडिओत गोळा केले आणि इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी ते एका दिवसात गाऊन घेतलं. गेल्डॉफची तळमळ खरी होती. जमलेल्या पैशातून भुकेल्यांच्या तोंडी घास पडला, हेही खरं. पण त्या गाण्यात जो देश आहे, तो पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही.

ज्यांना ख्रिसमस ठाऊक आहे का म्हणून विचारलं, त्यांचा राजा एझाना चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाला होता. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन राजांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळानं! इथिओपियातल्या लालिबेलाला अखंड खडक वरून खाली कोरत नेऊन अकरा चर्च घडवली आहेत. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला ते कसब वेगळं समजावावं लागणार नाही. तिथला ख्रिसमस, गेन्ना, ७ जानेवारीला असतो. गाण्यानं अख्ख्या आफ्रिकेतून पाऊस आणि नद्याही पुसून टाकल्या. इजिप्तला पोसणाऱ्या नाईलचं बहुतेक पाणी इथिओपियाच्याच डोंगरांतून येतं.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. पाऊस हुकला होता हे खरं, पण एवढी माणसं मेली ती युद्धामुळे. मेंगिस्तू हैले मरियमचं लष्करी सरकार तिग्राय आणि वोलो प्रांतांत बंडखोरांशी लढत होतं, बाजारांवर बॉम्ब टाकत होतं, धान्याच्या वाटा अडवत होतं. सप्टेंबर १९८४मध्ये माणसं उपाशी मरत असताना त्यानं आपल्या क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा केला. पुढे लाखो लोकांना जबरदस्तीनं दक्षिणेकडे हलवलं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेनं त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा १९८५मध्ये तिलाच देशाबाहेर काढलं. गाण्यात यातलं अवाक्षर नाही. हुकूमशहाचा गुन्हा गाण्यानं निसर्गाच्या माथी मारला आणि ऐकणाऱ्यांनी तो तसाच स्वीकारला. एका देशाबद्दल याहून घातक गैरसमज कुठला पसरवायचा?

त्या रेकॉर्डवर एकही इथिओपियन आवाज नाही. तिलाहुन गेसेसे होते, महमूद अहमद होते, मुलातू अस्तात्के यांचा इथिओ-जॅझ होता. ज्या देशाची स्वतःची एवढी गाणी आहेत, त्याचं दुःख परक्यांनी परक्या शब्दांत गायलं आणि जगभर तेच वाजत राहिलं. २०१४मध्ये इबोलाग्रस्तांसाठी हेच गाणं पुन्हा गायलं जाणार होतं, तेव्हा घानाच्या मुळाचा गायक फ्यूज ओडीजी यानं स्पष्ट नकार दिला. त्या वेळी गायलेल्या एड शीरननं २०२४मध्ये जाहीर सांगितलं, की माझा आवाज पुन्हा वापरण्याआधी विचारलं असतं, तर मी परवानगी दिली नसती. तरीही दर डिसेंबरला रेडिओवाले ते लावतात. त्यांनी ते बंद करावं आणि त्या जागी महमूद अहमद यांना लावावं.