दगड आधी, ड्रॉइंग मग

मोठ्या घरांच्या प्लॅनमध्ये स्वयंपाकघराच्या मधोमध हल्ली एक आयत, म्हणजे आयलंड, ठरलेला असतो. आठ बाय चार, कधी दहा बाय पाच. हा आकार कुठून आला असे विचारले, तर ‘जागा होती’ एवढेच उत्तर मिळते. मग ट्रॉल्या बनतात, वायरिंग होते आणि सगळ्यात शेवटी ग्राहकाला दगड निवडायला गोदामात नेले जाते. आमच्या मते हा क्रम उलटा हवा.

ग्रॅनाइटची गँगसॉ स्लॅब साधारण नऊ-दहा फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद मिळते. कटरची पट्टी दोन-तीन फुटांचीच. म्हणजे चार फुटी आयलंडला कटरचा माल घेतला, की जोड लांबीभर, अगदी मधून जाणार. पिठाचे कण आणि हळद वर्षभरात त्या रेघेत जाऊन बसतात. पाच फुटी रुंदीची अडचण वेगळी : मधला भाग पुसायला दोन्ही बाजूंनी हात पुरत नाही. चार फुटांच्या पुढे जाण्याचे कारण आम्हाला तरी सापडलेले नाही. भोवती साडेतीन फूट वाट हवी, दोघे काम करत असतील तर चार. ती मिळत नसेल तर आयलंडचा हट्ट सोडावा.

लांबी दहा फुटांवर जात असेल, तर एक सोपी युक्ती आहे. सात फूट नेहमीच्या चौतीस इंच उंचीवर ठेवा आणि उरलेले तीन फूट तीस इंचांवर उतरवा. पोळ्या लाटायला खांद्यातून जोर द्यावा लागतो, त्याला ही उंची बरी पडते. दिवाळीत चकल्या पाडायला तर हमखास. शिवाय दोन तुकडे दोन पातळ्यांवर आल्याने जोड लपवण्याचा प्रश्नच उरत नाही.

हॉब मात्र भिंतीलगतच असू द्या. आयलंडवरची चिमणी चारही बाजूंनी उघडी असते, पंख्याच्या झोताने धूर तिला चुकवून निघून जातो, आणि समोर बसलेल्यावर फोडणीचे तेल उडते ते वेगळेच. सिंक हवे असेल, तर आधी उताराचा हिशेब करा. भिंत दहा फुटांवर असेल, तर चाळिसास एक या उताराने तीन इंच जातात, वर पाइपची जाडी. बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची स्लॅब खाली घेतलेली नसते, तेव्हा ही उंची जमिनीतच वाढवावी लागणार.

आता दगड कोणता? कडप्पा हा चुनखडीचा, संगमरवरही त्याच जातीचा; लिंबू-चिंचेने दोन्हींवर डाग उठतात. क्वार्ट्झ दिसायला एकसारखे, पण त्यात राळ असते आणि ती दीडशे अंशांच्या आसपास हार मानते. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवण्याची आपल्याकडची सवय पाहता आम्ही गडद ग्रॅनाइटच्याच बाजूचे.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट कारागिरांसाठी. त्यात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात असू शकते. कोरड्या कटाईची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी, पण आहेच. आपल्याकडे मात्र बंद फ्लॅटमध्ये, तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालतो. दगड शेवटी ठरतो, मापे साइटवर जुळवावी लागतात, म्हणून हे होते. सांगाडा बसल्यावर टेम्प्लेट काढा आणि कारखान्यात पाणी सोडून कापून घ्या. सिंकचा आणि सॉकेटचा गाळासुद्धा तिथेच.

वीस मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला पाच किलो भरतो. नऊ बाय चारचा एकसंध तुकडा म्हणजे एकशे ऐंशी किलो, आणि तो लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर तो फिरेल का, हे स्लॅबला बयाणा देण्याआधी टेप लावून पाहा. फिरत नसेल, तर जोड कुठे येणार ते ड्रॉइंगवर दाखवून ग्राहकाची सही घ्या.