मांजराला दूध, मग पिल्लं पोत्यात का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली आणि २०० रुपये दंड सांगितला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने दंडाला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं, नसबंदी आणि लस देऊन कुत्रं त्याच भागात सोडा. पिसाळलेलं आणि हल्लेखोर सोडून. या सगळ्या गदारोळात मांजराचं नाव कुणी घेत नाही.

आपल्या मोहल्ल्यांत मात्र मांजरंच जास्त. मोमिनपुऱ्यात मटणाच्या दुकानांपुढे सकाळी बघा. कुत्र्याला हाकलणारा माणूस मांजराला दूध ठेवतो. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूचं पाणी मांजराला पिऊ दिल्याची हदीस लहान मुलांनाही माहीत असते. पण मांजर व्याली, की पुढे काय?

गेल्या उन्हाळ्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, अम्मीने चार पिल्लं पोत्यात भरून बाजारात सोडून दिली." मांजर तीन दिवस घरभर ओरडत फिरली म्हणे. त्या अम्मीला मी दगडाच्या काळजाची म्हणणार नाही. दोन खोल्यांचं घर, माणसं सात. पण बाजारात सोडलेलं दूधपितं पिल्लू जगत नाही, हेही तिला ठाऊक असणारच.

मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते, एका वेळी तीन ते पाच पिल्लं. सहा महिन्यांची व्हायच्या आतही ती गाभण राहू शकते, आणि अंगावर पिल्लं असतानाही. वर्षात दोन-तीन वेत धरा. किती घरं पुरणार?

नसबंदी म्हटलं की लोक म्हणतात, ही अल्लाहच्या बनावटीत ढवळाढवळ. मग बकरी ईदला आपण खस्सी बकरा हौसेने शोधतो, ते काय? प्यारे नबी (स.) यांनी खस्सी मेंढ्यांची कुर्बानी दिल्याचं हदीसमध्ये आहे. हनफी फिकहच्या 'दुर्रे मुख्तार'मध्ये तर मांजराला खस्सी करणंही जायज म्हटलंय. अट एकच, त्यात काही फायदा हवा. विनाकारण केलं तर हराम. उलेमांत मतभेद आहेत, मादीच्या ऑपरेशनबद्दल आपल्या मुफ्तींना जरूर विचारा. पण न विचारताच 'नाजायज' म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

मांजरं उचलून दुसरीकडे टाकल्यानेही प्रश्न सुटत नाही. खाणं जिथे मिळतं तिथे नवी येतात. म्हणून पिंजऱ्यात धरायचं, भूल देऊन ऑपरेशन, रेबीजची लस, ओळखीसाठी कानाचं टोक किंचित कापायचं आणि जखम भरल्यावर त्याच गल्लीत सोडायचं. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांची नसबंदी सुरू केली. नागपुरात तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉक्टर इथेच घडतात. मशीद कमिट्यांनी महापालिकेला एक अर्ज द्यायला काय हरकत आहे? रस्ते-गटारांचे अर्ज आपण देतोच की.

त्या मुलाची मांजर पुन्हा गाभण आहे. पिल्लांनी दूध सोडलं की तिला ऑपरेशनला न्यायचं, असं त्याच्या अम्मीशी बोलणं झालंय. खर्च आम्ही तीन शिक्षक वाटून घेणार आहोत. दोन पिल्लांना घर मिळालंय, बाकीच्यांसाठी विचारपूस चालू आहे.