शिंजिराला हमिंगबर्ड का म्हणावे?

पेठ वडगावात जास्वंदीवर येणाऱ्या इवल्याशा काळ्या-जांभळ्या पक्ष्याला आमचे विद्यार्थी सर्रास 'हमिंगबर्ड' म्हणतात. लेखनातही तोच शब्द उतरतो, म्हणून हा प्रपंच. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतले. अँडीजच्या डोंगरी अरण्यांत त्यांची दाटी. आपला तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. मकरंदासाठी लांबलेली चोच दोघांना स्वतंत्रपणे लाभली. जवळचे नाते नाही. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मकरंद पितो, मागेही उडतो. शिंजीर बहुधा डहाळीवर बसूनच पितो. कोळ्याच्या जाळ्यांनी सांधलेले त्याचे लोंबते घरटे हा तर वेगळ्या लेखाचा विषय!

पश्चिम घाटातल्या एका सूर्यपक्ष्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ साली केले आणि त्याला विगोर्स या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाचे नाव चिकटले. परकीयाने परके नाव दिले, हे समजण्यासारखे आहे. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' हाताशी असताना आपणही तेच करावे, हे मात्र आम्हांला पटत नाही. उलट, लॅटिन अमेरिकी कवितेच्या अनुवादात शिंजीर आणून बसवणेही तितकेच खोटे. अनुवादाच्या तासाला म्हणूनच आम्ही तिथला हमिंगबर्ड तसाच ठेवायला सांगतो आणि इथला पक्षी कोशात शोधायला लावतो.