मुलीचें संगणकशिक्षण व घरची जमीन

शेतकरी घरांतील मुलगी विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकण्याची इच्छा दर्शवूं लागली, म्हणजे कित्येक वडील तिची वाट अडवितात, तर कित्येक व्यवस्थापन कोट्यांतील जागेसाठीं जमीन विकावयास निघतात. आमच्या मतें दोन्ही गोष्टी अनिष्ट होत. महाराष्ट्र सरकारनें सन २०२४ मध्यें, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लक्ष रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलें. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरींतून गुणानुक्रमें मिळालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यास ही सवलत नाहीं. तेव्हां जमीन विकून घेतलेल्या जागेनें जमीनही जाते व सवलतही.

या शास्त्राचा पाया गणित होय, केवळ यंत्र हाताळणें नव्हे. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचा पगार न पाहतां आपल्या मुलीची गणिताची गोडी पाहावी. ती असल्यास अकरावीपासून तिला गणित घेऊं द्यावें, प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासास घरकामांतून मोकळीक द्यावी, आणि लागणारे दाखले तहसील कचेरींतून निकालापूर्वींच काढून ठेवावे, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती आहे.